जुने स्विमसूट फोटो: लोक मला सारखे विचारतात ते प्रश्न

हा नाद मला कॉलेजपासून आहे. घरात एक ट्रंक भरून जुनी मासिकं, कॅलेंडरं, पोस्टरं पडलीयेत आणि ज्याच्या नजरेस ती ट्रंक पडते तो आधी गालातल्या गालात हसतो, मग इकडेतिकडे बघतो, आणि मग ठरलेले प्रश्न सुरू होतात. एकदाच सगळं लिहून टाकतो म्हणजे माझा घसा वाचेल.

"जुने" म्हणजे नक्की कुठले?

माझ्यापुरती व्याख्या साधी आहे, फिल्मवर काढलेले आणि कागदावर छापलेले. म्हणजे साधारण १९३० पासून १९९० च्या दशकापर्यंत. त्याआधीही होते, १९१० च्या दशकात अमेरिकेतल्या मूकपट कंपन्या पोहण्याच्या पोशाखातल्या नट्यांचे फोटो प्रसिद्धीसाठी वाटायच्या, पण ते बघताना गंमत वाटते, जीव अडकत नाही. आणि डिजिटल आल्यानंतरचं मला फारसं कळत नाही, तो माझा दोष.

म्हणजे कमी कपड्यातल्या बायकांचे फोटोच ना? सरळ सांगा की.

सरळच सांगतो, हो. सुंदर माणूस बघायला आवडतं, त्यात लपवायचं काय. पण तेवढंच असतं तर एकदा बघून पान उलटलं असतं ना, एकच पान वीस वर्षं कोण काढून बघत बसेल.

माझ्याकडे सत्तरच्या दशकातल्या एका मासिकाचं मधलं पान आहे. पिनांची दोन भोकं, त्यातलं एक बरोब्बर तिच्या डोक्यावर आकाशात. समुद्रकिनारा, मागून तिरपं ऊन, ती हसतेय, एकदम निवांत, सुट्टीवर आल्यासारखी. हे पान मी कितीतरी वेळा बघितलं असेल, पण एकदा खिडकीशी धरलं आणि दिसलं की तिच्या दंडावर काटा आलाय. थंडीने! ऊन तिरपं आहे ना, त्यामुळे त्या बारीक बारीक काट्याची सावलीसुद्धा पडलीये. म्हणजे पहाटेची वेळ असणार, वारा सुटलेला, पाणी गार, आणि ही बाई तिथे उभी राहून निवांत दिसण्याची नोकरी करतेय. चेहऱ्यावर एक रेघ नाही. त्या दिवसापासून मी हे फोटो असेच बघतो, जिथे निवांतपणा दिसतो तिथे मेहनत कुठे लपवलीये ते शोधायचं, आणि सापडली की खरं सांगतो, सौंदर्य कमी नाही होत, वाढतंच.

सगळ्यात आवडता फोटो कुठला?

जॉर्ज हॉयनिंगन-ह्यून याने १९३० मधे व्होग मासिकासाठी काढलेला. ब्लॅक अँड व्हाइट. एक बाई आणि एक पुरुष, दोघंही आपल्याकडे पाठ करून बसलेत आणि लांब समुद्राकडे बघतायत. चेहरे नाहीत, हसू नाही, काही नाही. नुसत्या दोन पाठी, दोघांचे स्विमसूट आणि समोर ती आडवी रेघ जिथे पाणी संपतं आणि आकाश सुरू होतं.

आता गंमत ऐका. समुद्र नाहीचे. हा फोटो पॅरिसमधे शाँझेलिझेवरच्या व्होगच्या स्टुडिओच्या गच्चीवर काढलाय आणि क्षितिज म्हणून आपण जे बघतो तो गच्चीचा कठडा आहे, मुद्दाम आउट ऑफ फोकस ठेवलेला. खाली रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट चालू असेल आणि वर हे दोघं कठड्याकडे बघत शांत बसलेत. त्यातला पुरुष म्हणजे हॉर्स्ट, जो पुढे स्वतःच फॅशन फोटोग्राफीतला मोठा माणूस झाला. हे कळल्यावर एका मित्राने तोंड वाकडं केलं, म्हणाला फसवणूक आहे ही. अरे फसवणूक कसली, कठड्यात समुद्र दिसायला डोळा लागतो.

बिकिनीची भानगड नक्की कधी सुरू झाली?

५ जुलै १९४६, पॅरिस, मॉलिटर नावाचा जलतरण तलाव. लुई रेआर हा मूळचा मोटार इंजिनिअर, आईचा अंतर्वस्त्रांचा धंदा सांभाळत होता. त्याच आठवड्यात अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर अणुचाचण्या सुरू केल्या होत्या, सगळ्या पेपरात तेच नाव, याने उचललं आणि चार तुकड्यांच्या कापडाला दिलं. त्याच सुमाराला जाक हाइम या दुसऱ्या डिझायनरने आपला टू-पीस काढला होता, त्याचं नाव आतोम, म्हणजे अणू. दोघांच्याही डोक्यात एकच बॉम्ब! रेआरचा कपडा घालायला नेहमीच्या मॉडेल तयार होईनात तेव्हा मिशलिन बेर्नार्दिनी ही कॅसिनो द पारीमधली नर्तकी पुढे आली. कापडावर वर्तमानपत्राची छपाई होती, आणि फोटोत तिच्या हातात एक छोटीशी डबी दिसते, कारण आख्खी बिकिनी काड्यापेटीएवढ्या डबीत मावते हे दाखवायचं होतं. फोटो बघितला तर ती अजिबात बुजलेली वाटत नाही. आजूबाजूचे लोक जास्त बुजलेत.

टू-पीस त्याच्या आधीही होता, फक्त बेंबी झाकलेली असायची. आणि दुसऱ्या महायुद्धात कापड वाचवायचं म्हणून अमेरिकन सरकारनेच बायकांच्या स्विमसूटमधलं कापड १० टक्के कमी करायला लावलं होतं, म्हणजे पोट उघडं पडायला फॅशन जितकी जबाबदार तितकंच युद्धखातं.

कपड्यांचा फोटोवर काय फरक पडतो? पोझ तीच की.

खूप फरक पडतो आणि हे कुणी विचारलं की मला बरं वाटतं. सुरुवातीचे स्विमसूट लोकरीचे विणलेले असायचे, ओले झाले की पाणी पिऊन लोंबायचे. मग १९३० च्या दशकात लास्टेक्स आलं, रबराच्या धाग्यावर कापूस किंवा रेशीम गुंडाळलेलं, त्याने अंग बांधून धरलं. त्या काळातल्या फोटोत शरीर जरा पुतळ्यासारखं वाटतं बघा, मॉडेल ताठ होती म्हणून नाही, कपडाच तसा होता. १९५८ मधे ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्सने स्पँडेक्स शोधलं, ज्याला आपण लायक्रा म्हणतो, आणि मग कपडा अंगाबरोबर हलायला लागला. पळणं, उडी मारणं, लाटेत लोळणं हे सगळं मग फोटोत कपडा न सांभाळता करता यायला लागलं. पुतळा उठून चालायला लागला असंच म्हणा ना.

हे सगळं पुरुषांनी पुरुषांसाठीच केलेलं ना?

बरंचसं हो. पण सगळं नाही, आणि जे नाही ते माझ्या मते जास्त चांगलं आहे.

बनी येगर घ्या. मायामीतली मॉडेल. स्वतःच्या फोटोंच्या कॉप्या काढायचा खर्च वाचावा म्हणून फोटोग्राफी शिकायला गेली आणि कॅमेऱ्याच्या मागेच राहिली. स्विमसूट ती स्वतः शिवायची, स्वतःला आणि मॉडेलनाही. १९५४ मधे बेटी पेज ही गाजलेली पिन-अप मॉडेल तिच्याकडे आली आणि फ्लोरिडात बोका रॅटनच्या एका प्राणी उद्यानात दोन चित्त्यांबरोबर तिचे फोटो काढले, ते तुम्ही कुठे ना कुठे बघितलेच असणार. त्यातला बिबट्याच्या ठिपक्यांचा पोशाख बेटीने स्वतः शिवलाय. म्हणजे एका बाईने शिवलेला कपडा, तिनेच घातला, दुसऱ्या बाईने फोटो काढला, आणि शेजारी दोन चित्ते. यात पुरुष कुठाय? दुकानात, मासिक विकत घेताना.

येगरची अजून एक खुबी म्हणजे भर दुपारी फ्लॅश. लोक म्हणायचे एवढं ऊन असताना फ्लॅश कशाला. तर डोक्यावरच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते, माणूस आजारी दिसतो, त्या सावलीत थोडासा फ्लॅश मारला की डोळे उघडतात आणि मागचं आकाशही निळंच राहतं. आज फोन आपोआप करतो ते तिने तेव्हा अंदाजाने केलं, बल्ब फोडत फोडत. पुढे १९६२ च्या पहिल्या बाँडपटाच्या वेळी जमैकाच्या किनाऱ्यावर त्यातली नटी अर्सुला अँड्रेस हिचे पांढऱ्या बिकिनीतले स्टिल फोटोही येगरने काढलेत, हे फार जणांना माहीत नसतं.

मग फोटोग्राफर लुईस डाल-वुल्फ. हार्पर्स बझार या फॅशन मासिकात १९३६ ते १९५८, बावीस वर्षं. मॉडेलना स्टुडिओच्या दिव्यांखालून काढून वाळवंटात, समुद्रावर नेलं, आणि रंगाच्या बाबतीत इतकी कडक की छापखान्यातून आलेल्या प्रुफांशी भांडायची. टोनी फ्रिसेल ही दुसरी फोटोग्राफर तर थेट पाण्याखाली गेली. आणि १९७५ मधे डेबोरा टर्बविलने अमेरिकन व्होगसाठी एका पडक्या सार्वजनिक न्हाणीघरात पाच बायकांना स्विमसूटमधे उभं केलं, कुणी भिंतीला टेकलंय, कुणी जमिनीवर, एकमेकींकडे बघतही नाहीत. लोक खवळले होते त्या फोटोंवर. मला आधी आवडले नव्हते, अंगावर आले. आता ट्रंकेत सगळ्यात वर तेच आहेत.

खेळाच्या मासिकात स्विमसूट कुठून आले?

कारण हिवाळ्यात पानं रिकामी राहायची. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडचा संपादक आंद्रे लागेर, त्याच्यापुढे प्रश्न असा की अमेरिकन फुटबॉलचा मोसम संपला, बेसबॉलला अवकाश आहे, छापायचं काय. २० जानेवारी १९६४ च्या अंकात पाच पानं आली, कव्हरवर बॅबेट मार्च, पांढरी बिकिनी, मेक्सिकोच्या कोझुमेल किनाऱ्यावर पाण्यात उभी. त्या पाच पानांचा पुढे दरवर्षीचा स्विमसूट अंकच झाला.

पण खरं घडवलं ते जूल कॅम्पबेल या बाईंनी. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून १९९६ पर्यंत तो अंक त्यांच्या हातात होता. त्यांनी केलेली एक गोष्ट मला फार मोठी वाटते, फोटोखाली मॉडेलचं नाव छापायला लावलं. आज यात काय विशेष असं वाटेल, पण त्याआधी कपड्याचं नाव असायचं, किंमत असायची, दुकान असायचं, आणि ती घालणारी? ती निनावी. नाव छापलं म्हणून लोकांना शेरिल टीग्ज माहीत झाली, क्रिस्टी ब्रिंकली माहीत झाली (१९७९, ८०, ८१ सलग तीन कव्हरं), एल मॅकफर्सन माहीत झाली. नाव झालं की मानधन मागता येतं, साधा हिशोब.

१९७८ मधे टीग्जचा जाळीच्या पांढऱ्या स्विमसूटमधला फोटो आला, ब्राझीलमधे वॉल्टर यूस ज्युनियरने काढलेला, आणि मासिकाला रागावलेल्या पत्रांचा ढीग आला, वर्गणी बंद करा म्हणून. मला तो फोटो तितका खास वाटत नाही, खरं सांगायचं तर. गाजला म्हणून गाजला.

फॅरा फॉसेटचं लाल पोस्टर एवढं का गाजलं?

या अमेरिकन नटीचं १९७६ चं पोस्टर. एक कोटीच्या वर प्रती खपल्याचं धरतात. आणि मजा अशी की त्यात "ग्लॅमर" म्हणावं असं सामान काहीच नाही. फोटोग्राफर ब्रूस मॅकब्रूम, जागा तिचंच घर, केस तिने स्वतः केलेले, मेकअप स्वतःचा, केसांत चमक यावी म्हणून लिंबू पिळलेलं म्हणतात. पोस्टर कंपनीला बिकिनी हवी होती पण तिच्या पोटावर लहानपणीचा व्रण होता, म्हणून वन-पीस. मनासारखं काही जमेना, बराच वेळ गेला, मग ती कपाटातून तो लाल सूट घालून आली. मागे काय लावायचं? मॅकब्रूमने आपल्या जुन्या शेव्हरोले गाडीच्या सीटवर टाकलेलं मेक्सिकन पट्ट्यापट्ट्यांचं ब्लँकेट काढलं आणि टांगलं.

आता पोस्टर परत बघा. ते ब्लँकेट दिसलं की मला दरवेळी हसू येतं, जगातल्या सगळ्यात जास्त खपलेल्या पोस्टरचं बॅकग्राउंड म्हणजे गाडीचं सीट कव्हर. आणि कुठली फ्रेम घ्यायची ते तिनेच निवडलं. मान मागे, दात दिसतायत, एक पाय दुमडलेला. एजन्सीच्या माणसाने निवडली असती तर बहुतेक ओठ मिटलेली घेतली असती. तो लाल सूट २०११ पासून वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे.

पिरेली कॅलेंडर?

टायर कंपनीचं. पहिलं १९६४ चं, रॉबर्ट फ्रीमनने मायोर्का बेटावर काढलेलं, हा बीटल्सच्या अल्बमच्या कव्हरांचाही फोटोग्राफर. विकत मिळत नाही, खास लोकांनाच देतात. १९७२ चं सारा मूनने केलं, पहिली बाई फोटोग्राफर. १९७४ नंतर तेलाच्या संकटात बंद पडलं, परत १९८४ ला सुरू. माझ्याकडे एकही नाही, यावर जास्त बोलायला लावू नका.

जुन्या फोटोंतला तो रंग हल्ली का येत नाही?

कोडाक्रोम! लाल म्हणजे लाल, त्वचा मधासारखी, समुद्र गडद. ३५ मिमीत ही फिल्म १९३६ ला आली आणि सुरुवातीला इतकी मंद होती, एएसए (फिल्मला किती कमी उजेड पुरतो त्याचं माप) १० च्या आसपास, की भरपूर उजेड नसेल तर हात हलवायची सोय नाही. पुढे २५ आणि ६४ आली, तरी मंदच. त्यात ही स्लाइड फिल्म, एक्सपोजर जरा चुकलं की उजळ भाग सरळ पांढरा, परत आणता येत नाही. म्हणून लोक थोडं कमीच एक्सपोज करायचे आणि रंग अजून घट्ट व्हायचे. आणि कडक उन्हात वाळू जळून जाते, म्हणून शूटिंग पहाटे नाहीतर संध्याकाळी, मधे दिवसभर सगळी टीम सावलीत पडलेली. तुम्हाला जो "रंग" आठवतो ना, त्यातला अर्धा फिल्मचा आणि अर्धा त्या सकाळी सहाच्या उन्हाचा आहे. आणि म्हणूनच तो दंडावरचा काटा.

वर फोटो कसा आलाय ते तिथे कळायचंच नाही. पोलरॉइडवर एक अंदाज घ्यायचा, बाकी सगळे रोल पिशवीत घालून घरी, लॅबमधून येईपर्यंत देवावर भरवसा. कोडाकने ही फिल्म २००९ मधे बंद केली आणि शेवटची लॅब, अमेरिकेत कॅन्ससमधे, तिने २०१० च्या डिसेंबर अखेरीस शेवटचे रोल घेतले. आता फिल्टर लावून तसा रंग आणतात, ठीक आहे, लोणच्याचा मसाला चाटून लोणचं खाल्ल्याचं समाधान.

मॉडेलला काय, नुसतं उभं तर राहायचं.

उभं राहून बघा. सगळं वजन मागच्या पायावर, पुढच्या पायाचा गुडघा जरा आत, टाच उचललेली, वाळूत. पोट आत पण श्वास चालू, कारण श्वास धरला की मान ताणते आणि चेहऱ्यावर लगेच दिसतं. खांदे खाली. हात कमरेपासून थोडे सुटे, नाहीतर दंड चपटा दिसतो. समोरून कुणीतरी चंदेरी रिफ्लेक्टर धरलाय, त्याचा उजेड थेट डोळ्यात, डोळे मिटून ठेवायचे, फोटोग्राफर तीन म्हणाला की उघडायचे आणि हसायचं आणि पाणी यायच्या आत क्लिक. मग परत मिट. असं एका रोलमधे छत्तीस वेळा.

रोलायफ्लेक्स किंवा हॅसलब्लाडसारखा कॅमेरा पोटाशी धरून वरून बघत फोटो काढतात, म्हणजे लेन्स मॉडेलच्या कमरेच्या उंचीवर येते आणि पाय लांब दिसतात. पीटर गोलंड नावाचा कॅलिफोर्नियाचा ग्लॅमर फोटोग्राफर तर याच कामासाठी स्वतः कॅमेरे बनवायचा, मोठ्या फिल्मचा दोन लेन्सवाला धूड, बायको अॅलिस कायम सोबत, निम्मं काम तिचंच.

तेव्हा फोटोशॉप नव्हतं, म्हणजे सगळं खरं होतं ना?

छे हो. एअरब्रश होता, निगेटिव्हवर पेन्सिलीने काम करायचे, प्रिंटवर बारीक ब्रशने रंग. आणि कपडा मागून चिमट्यांनी, सेफ्टी पिनांनी आवळलेला असायचा, समोरून एक सुरकुती नाही. खोटेपणा होताच, फक्त हाताने करावा लागायचा म्हणून थोडक्यात आटपायचे.

आणि नॉस्टॅल्जियाच्या नावाखाली सगळं माफ?

नाही. जुनी पानं चाळताना एक गोष्ट डोळ्यात खुपतेच, जवळजवळ सगळ्या गोऱ्या आणि सगळ्या एकाच मापाच्या. स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडच्या त्या अंकाच्या कव्हरवर एकटी कृष्णवर्णीय मॉडेल यायला १९९७ उजाडलं, टायरा बँक्स. तेहतीस वर्षं लागली. आणि पैसा. बेटी पेजचे फोटो पुढे टी-शर्टवर, कपांवर, कुठे कुठे विकले गेले आणि बरीच वर्षं तिला त्यातलं काहीच मिळालं नाही. हे माहीत असूनही मला ते चित्त्यांचे फोटो आवडतात का? हो. दोन्ही गोष्टी एकाच ट्रंकेत राहतात.

जुनं पान आहे की नवीन कॉपी, कसं ओळखायचं?

भिंग घ्या, दहा पटीचं असेल तर उत्तम. जुन्या छपाईत रंगीत ठिपके ओळीने, फुलांच्या नक्षीसारखे दिसतात. घरगुती प्रिंटरचे ठिपके फवारा मारल्यासारखे विस्कळीत. नंतर मागची बाजू बघा, मासिकाच्या पानामागे मजकूर, जाहिरात काहीतरी असतंच, कोरं असेल तर शंका घ्या. स्कॅनची कॉपी असेल तर घडीची रेघ छापलेली दिसते पण बोटाला लागत नाही, या एका खुणेवर मी दोनदा वाचलोय. आणि हो, पान आपलं असलं तरी फोटोचा हक्क आपला होत नाही, त्यामुळे स्कॅन करून पोस्टरं छापून विकायचा विचार असेल तर सोडून द्या.

जपायचं कसं?

उन्हापासून लांब, दमटपणापासून लांब, आम्ल नसलेल्या कागदात, आडवं. लॅमिनेशन अजिबात नको. सेलोटेप नको, पिवळी पडते आणि पानासकट निघते. पिना गंजल्या असतील तर हळूच काढून टाका. आणि स्वस्तातली मऊ प्लास्टिकची फोल्डरं तर मुळीच नकोत. ते काटा आलेलं पान मी सुरुवातीला तशाच एका फोल्डरमधे ठेवलं होतं, दोन वर्षांनी काढायला गेलो तर शाई प्लास्टिकला चिकटलेली, सावकाश सोडवलं तरी डावं कोपर गेलं. दंड वाचला. कोपर अजून त्या प्लास्टिकवर आहे, उलटं, थोडं फिकट, ते फोल्डरही टाकवत नाही म्हणून पानाच्या शेजारीच ठेवलंय.